रंभेची वेणी

धुरपताबाईनं मेलेल्या सवतीचे केस कापले आणि परसातल्या बोरीखाली पुरले. आरमोरीच्या बाजारात मिठाच्या ढिगापाशी ही बातमी निघाली तेव्हा एवढीच होती. मिरचीच्या ओळीपर्यंत पोचली तेव्हा केसांना गाठी बसल्या. मडक्यांपाशी त्या गाठींत लिंबू आणि बिबा आला. बाजार उठता उठता गाडीत चढणाऱ्या बायांनी शपथेवर सांगितलं, की दर अवसेला ते केस जमिनीतून वर येतात आणि धुरपता त्यांना तेल लावत बसते. आरमोरीचा बाजार एका बाबतीत प्रामाणिक. मापात मारतील, पण गोष्टीत कधी कमी देणार नाहीत.

ही त्रेपन्न-चौपन्न सालची हकीकत. धुरपता लटारूची पहिली बायको. पहिली म्हटलं की दुसरी आलीच, ती येईल तिच्या वेळेला. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठी लटारूच्या धानशेतीच्या चार बांध्या होत्या, आणि स्वभावानं तो इतका थंड, की घराला आग लागली तरी आधी विचारील, भात झाला का? धुरपता काटक, सावळी, चेहऱ्यानं चारचौघींसारखी. पण पाण्याला निघाली की तिची वेणी कमरेखाली अशी झुलायची, की विहिरीवर आधी आलेल्या बायका मुकाट बाजूला सरायच्या. मानानं नाही, जळफळाटानं.

केसांचं तिला वेडच होतं. माहेर जंगलाला लागून. तिथं नीलाबाई नावाची गोंडीण मोहाच्या बियांचं तेल घेऊन यायची. टोळीचं तेल म्हणतात त्याला. वासाला उग्र, आणि थंडीत तुपासारखं थिजणारं. ते तळव्यावर चोळून कसं विरघळवायचं, हे नीलाबाईनं त्या पोरीला दाखवलं आणि जाताना एक लाकडी फणी दिली. बाकीचं धुरपता आपल्या डोक्यानं शिकली, म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यांवर.

तापानं विरळ झालेले, उन्हानं तांबडे पडलेले, उवांसाठी रॉकेल चोळून चोळून राठ झालेले, सगळे केस तिच्या ओट्यावर यायचे. बोडीची काळी माती ताकात कालवून ती आधी मळ काढायची, मग रिठ्याचं पाणी. मग जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस फडक्यातून पिळायचा, त्यात जास्वंदीची पानं चुरायची, आणि तो लेप केसांच्या टोकांपासून वर लावत यायचा. वरून पळसाची पानं तव्यावर गरम करून डोक्याला बांधायची आणि बाईला उन्हात बसवायचं. धुऊन झालं की टोळीचं तेल, तेही बोटभर. त्या वासानं गावातले दोन-तीन नवरे भर हिवाळ्यात अंगणात निजू लागले, असं म्हणतात. बायका म्हणायच्या, निजू दे.

तिचा कायदा एकच होता. जवसाचा लेप डोक्यावर सुकू द्यायचा नाही. ओला आहे तोवर रेशीम, सुकला की सरस.

लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. तेव्हा लटारूनं राजुऱ्याकडून रंभा आणली. तिचा बाप कोळशाच्या खाणीवर टोपल्या वाहायचा. रंभा नवथर, भित्री, डोळे मोठे. गाव तिला बघायला जमलं हे खोटं. गाव भांडण बघायला जमलं होतं. शेजारची भागरता तर घरचा स्वयंपाक लवकर उरकून कुडाशी येऊन बसली होती. धुरपता बाहेर आली. तिनं रंभेच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, डोक्याकडे पाहिलं. केस कसले, उसवलेल्या दोराचं टोक. तिनं विचारलं, "कशानं धुते वो डोस्कं?"

"सोड्यानं, बाई. कोळसा निंघत नाई ना."

"उद्यापासून नाई धुवायचं."

भागरता निराश होऊन घरी गेली.

पुढल्या आंब्यांपर्यंत रंभेच्या केसांनी मान टाकली, म्हणजे मऊ पडले. दुपारी दोघी सवती ओट्यावर, एक पुढं, एक मागं. धुरपतेच्या मनात काही सलत नव्हतं असं नाही. ते ती फणीनं काढायची. मधेच एखादा झटका मुद्दाम बसायचा. रंभेला तो ओळखू यायचा आणि ती खुदकन हसायची. मग धुरपतेलाही हसू यायचं, आणि तिला त्याचाच जास्त राग यायचा.

रंभेला दिवस गेले. पोळ्याच्या सुमारास ती बाळंत झाली, पोर मेलेलंच आलं. लटारू त्याला पुरून आला आणि दोन दिवस जेवायचं विचारलं नाही, यावरून काय ते समजा. मग रंभेला ताप चढला. डोक्यात जाळ झाल्यासारखं होतं म्हणून ती कण्हू लागली, तेव्हा धुरपतेनं जवसाचा गार लेप तिच्या डोक्याला थापला. थंडावा मिळेल, सकाळी धुऊन टाकू, असा हिशेब.

सकाळी ताप वाढला. रंभा बरळू लागली. लटारूनं पलीकडच्या गावचा पुजारी आणला. त्यानं कोंबडं घेतलं, अंगारा लावला आणि बजावून गेला, ताप उतरेस्तोवर डोक्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. धुरपता ऊन पाण्याचं गंगाळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, लेप सुकून राह्यला, निदान ओल्या फडक्यानं पुसू द्या. लटारू आयुष्यात पहिल्यांदा ठाम बोलला.

"तू पाणी टाकलं अन् तिले काही झालं, तं लोक काय म्हणतीन? सवतीनं मारली म्हणतीन."

कुडापलीकडे भागरतेच्या बांगड्या वाजल्या. लटारूचं खोटं नव्हतं. धुरपतेनं गंगाळ खाली ठेवलं. पाणी गार झालं, तेव्हा तिनं ते जास्वंदीला ओतलं.

ताप उतरेना, आणि नेईनाही. घामानं लेप भिजायचा, पुन्हा सुकायचा, चिंध्यांच्या उशीवर डोकं घासलं जायचं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून लोक घरोघर गेले, त्याच दिवशी ताप थोडा उतरला आणि धुरपतेनं एकदाचं ते डोकं धुतलं. धुवायला केस नव्हतेच. मानेपासून टाळूपर्यंत एकच गठ्ठा, पाण्यानंही न फुगणारा.

तिनं टोळीचं तेल काढलं. नीलाबाईची फणी घेतली. टोकाकडून सुरुवात केली, चार केस, आणखी चार केस. दिवसभरात बोटभर सुटायचे आणि तेवढेच तुटून हातात यायचे. तुटलेले ती पदरात लपवायची. रंभा विचारायची, "सुटलं का, बाई?" ती म्हणायची, सुटत आलं.

मग एके दिवशी कुडाशी भागरता आणि आणखी दोघी बोलत होत्या. हळू बोलत होत्या, म्हणजे भागरतेच्या हिशेबानं हळू. ही काही जगत नाही. बाळंतपणातली बाई, त्यात डोकं हे असं. ही हडळ होऊन परतणारच. मेली की मागच्या दारानं काढा, पायांत खिळे मारा, मसणापर्यंत राई टाका, म्हणजे दाणे वेचत बसेल, घर गाठणार नाही. घरात पडल्या पडल्या रंभेनं सगळं ऐकलं. तिला मरायची भीती फारशी उरलीच नव्हती. खाणीच्या वाटेवर एक पिंपळ होता, तिथल्या हडळीच्या भीतीनं लहानपणी ती बापाचा हात सोडायची नाही. आता तीच आपण होणार, हे तिच्या मनानं घेतलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "बाई, मले मागच्या दारानं नोका नेऊ देऊ. वेणी घालून धाडजा. समोरून."

"तू कुठी नाई जाऊन राह्यली."

"तरी बी."

धुरपतेनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिला दुसरं काम उरलं नाही. दिवाळी आली तशी गेली, घरात पणतीसुद्धा लटारूनं लावली. थंडी पडली, तेल थिजू लागलं. ती ते चुलीजवळ ठेवून, तळव्यावर चोळून, गठ्ठ्यात जिरवत राहिली. आत जवस दगडासारखा बसला होता. सगळ्या तालुक्याच्या बायांची डोकी मऊ करणारी तीच आणि तो लेप लावणारीही तीच. कुणी तिला तसं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

धानकापणी लागली. गडीमाणसं बांध्यांत गेली. त्या दुपारी रंभेचं बोलणं अगदी तळाशी गेलं होतं. ती म्हणाली, वेणी हातात द्या, पाहू द्या. हात वर न्यायची ताकद तिच्यात नव्हती. धुरपता उशाशी बसली होती. काय करावं हे तिला कळलं त्याआधीच तिनं वाकून आपली वेणी खांद्यावरून पुढं घेतली आणि तिचं टोक रंभेच्या मुठीत दिलं. रंभेनं ते चाचपलं. मऊ, जाड, तेलानं थंड.

"माही?"

"तुहीच."

रंभेनं ती बराच वेळ धरून ठेवली. धुरपतेची मान अवघडली, पण ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत रंभा गेली. लटारूला बोलवायला माणूस बांधीकडे धावला. घरातले विळे कापणीला गेलेले, म्हणून धुरपतेनं कुडावरून भागरतेचा मागितला. कशाला हवा, असं भागरतेनं विचारलंच. धुरपता म्हणाली, तिरडीले नाडा कापायचा हाये. मग तिनं दार लावून घेतलं. अहेव बाईला न्हाऊ घालायला चार जणी लागतात. धुरपतेनं कुणालाही आत घेतलं नाही.

बायका अंगणात जमल्या. भागरतेच्या ओच्यात राई होती आणि मुठीत खिळे. बऱ्याच वेळानं दार उघडलं. रंभा हिरव्या लुगड्यात निजली होती, कपाळभर कुंकू, पदर कानांवरून घट्ट ओढलेला, आणि त्या पदराखालून खांद्यावर आलेली वेणी थेट कमरेपर्यंत. काळी, जाड, टोळीच्या तेलानं चकाकणारी. एक म्हातारी म्हणाली, लक्ष्मी दिसते. कुणी ओटी भरली, कुणी हळद लावली. पदर मागं सारायचं कुणाला सुचलं नाही. भागरतेनं मूठ मागं नेली. रंभा समोरच्या दारानं गेली, पायांत खिळा नाही, वाटेवर दाणा नाही. राई भागरतेनं दुसऱ्या दिवशी फोडणीला घातली म्हणतात. ती वाया जाऊ देणारी बाई नव्हे.

त्यानंतर धुरपतेच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. विहिरीवरसुद्धा नाही. लटारूनं काय पाहिलं असेल ते पाहिलं आणि भात वाढ म्हणाला. पुढल्या पावसाळ्यात परसातली माती धुऊन गेली, आणि भागरतेच्या कोंबड्यांनी बोरीखालून केसांचा एक गठ्ठा उकरून काढला. भागरतेला विळा आठवला, लावून घेतलेलं दार आठवलं. येता बाजार आरमोरीचा होता.

मग धुरपतेच्या ओट्यावर कुणी आलं नाही. आया पोरींना तिच्या दारावरून नेताना त्यांच्या वेण्या मुठीत धरायच्या. गंगाळ उपडं पडलं, फणीला कीड लागली. एकदा लटारूच म्हणाला, सांगून टाक ना काय ते. ती म्हणाली, "सांगितलं तं तिले पुन्हा मागच्या दारानं नेतीन." पुढं ती असेतोवर लटारूनं तो विषय काढला नाही. ती गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला चार जणी जमवता जमवता दुपार झाली.

खरं एवढंच. बोरीखाली पुरला होता तो रंभेच्या डोक्यावरचा न सुटलेला गठ्ठा. रंभेबरोबर सरणावर जळाली ती वेणी धुरपतेची होती.