म्हाळूचं अपील आणि कुशाबाईचं ‘न्हाई’

कुरकुंभच्या चौकातल्या टपऱ्यांवर अजून सांगतात की कुशाबाईनं वरच्या कोर्टात, जजसाहेबांच्या डोळ्यांदेखत, म्हाळूच्या तोंडावर चप्पल हाणली आणि त्यापायी तिलाही संध्याकाळपर्यंत कोंडून ठेवलं. सांगणारा चप्पल कुठल्या पायातली तेही सांगतो. ही बातमी दौंड स्टेशनापर्यंत पोचते तेव्हा एका चपलेच्या दोन झालेल्या असतात.

सगळं खोटं. चप्पल तिच्या पायात नव्हतीच. देवळात शिरताना काढतात तशी तिनं ती दाराबाहेर काढून ठेवली होती. पोलीस म्हणाला, “आज्जी, घाला, हितं चालतंय,” तरी घातली नाही. आणि म्हाळूला मारायचं तर आधी त्याच्या जवळ जायला हवं. ती तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. तिनं त्या दिवशी फक्त तोंड उघडलं, तेही थोडंसंच. पण त्या थोडक्याचीच सगळ्यांना धास्ती होती.

कुशाबाईचं नाक तिखट. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं कोकणापर्यंत चालून आलेली बाई. कुठल्या मेंढराला जुलाब लागलेत हे तिला अंधारातही कळायचं म्हणतात. आता मेंढरं गेली. चार शेळ्या, पाटाच्या कडेला ऊस आणि शंभू नावाचा मुलगा, एवढाच तिचा संसार. शंभू केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. तो शिफ्टवरून आला की आमच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा दोन पावलं मागं सरकतात. कुशाबाई त्याचे कपडे काठीनं उचलते. पण तिला खरी शिसारी येते ती माणसांच्या बोलण्याची. कुणी गोडगोड खोटं बोलायला लागलं की तिचा पदर आपोआप नाकाशी जातो, आणि तो माणूस गेल्यावर त्याचा चहाचा कप ती राखेनं दोनदा घासते.

शंभूचं लग्न जमत नव्हतं. मुलीचे बाप यायचे, ओट्यावर टेकायचे आणि सुपारी कातरत एकाच सुरात विचारायचे, “परमनंट हाय का?”

“कंत्राटी हाय, पर काम पक्कं हाय,” शंभू सांगायचा.

“आस्सं, आस्सं. आन् शिक्रापूरला, चाकणला कुठं फ्लॅट-बिट?”

“न्हाई.”

“बरं बरं. कळवतो.” असं कळवायला गेलेल्यांपैकी एकही जण परत आला नाही. शंभूच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले. मग मांडवगण फराट्याहून म्हाळू आला.

म्हाळू स्थळं जमवायचा. आवाज तुपात बुडवून काढल्यासारखा. “आक्का, माझ्या भाचीवाणी हाय पोरगी. भाचीवाणी काय, भाचीच म्हना. आईबाप न्हाईत. मीच तिचा मामा, मीच तिचा बाप.” पोरीचं नाव माया, गाव तिकडं लांब मराठवाड्यात. कुशाबाईचा पदर तेव्हाही नाकाकडं गेला होता. पण शंभूनं आईकडं असं काही बघितलं की तिनं पदर खाली सोडला. म्हाळूला त्याचं ठरलेलं दिलं, पोरीच्या अंगावर दागिने घातले आणि दारातच मांडव टाकला.

लग्नात म्हाळू नवरीचा मामा म्हणून उभा राहिला. आपल्याकडं मामाचा मान मोठा. मामानंच नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, अंतरपाट सुटेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि त्याबद्दल फेटा-पोशाख घ्यायचा. म्हाळूनं केशरी फेटा परत केला. “गुलाबी पायजे. शेमला कमरंपतूर.” मग माईकवाल्याच्या कानाशी जाऊन दम दिला, “नाव नीट घ्यायचं. नुसतं ‘मामा’ म्हनू नगंस. पुरं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट.” माईकवाल्यानं पुरं नाव पुकारलं. म्हाळूच्या मिशीला जणू तूप सुटलं.

माया काटकुळी पोर. पहिल्या दिवशी एवढ्या भाकरी खाल्ल्या की कुशाबाईनं पीठ पुन्हा मळलं, आणि तिला पोरीचं ते खाणं आवडलं. एका दुपारी दोघी बाजरी पाखडत बसल्या होत्या. माया मध्येच म्हणाली, “आत्याबाई, इकल्याली शेळी परत आपल्याकडं येती का वो?”

“न्हाई बाई. दावं बदललं की बदललं.”

“मला नेत्यात परत. आन् दुसरीकडं बांधत्यात.”

पोर लहानपणचं काहीतरी बोलतेय असं कुशाबाईला वाटलं. आईबाप नसलेली, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडं गेली असेल. थोड्याच दिवसांनी माया दवाखान्यात जाते म्हणून गेली ती गेलीच, अंगावरच्या दागिन्यांसकट. म्हाळूचा फोन बंद.

शंभू तोंड लपवून बसला. लोक हसतील म्हणून तक्रार द्यायला तयार नाही. कुशाबाईनं लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्या पोराला बोलावलं, की निदान पोरीचा चेहरा तरी पोलिसांना दाखवता येईल. त्या पोरानं मोबाईलवर लग्न पुढं-मागं केलं आणि म्हणाला, “आज्जी, ह्या मामाला मी शिक्रापूरलाबी शूट केलंय. तवा लाल फेटा हुता.”

शिक्रापूरच्या लग्नातली नवरीही हीच, फक्त नाव वेगळं. पुढं शोधलं तर शिरूरकडं अजून एक लग्न निघालं. तिन्हीकडं नवरी तीच, तिची नावं तीन. पण मामाचं नाव तिन्हीकडं एकच, बापाच्या नावासकट, गावासकट, माईकवर खणखणीत पुकारलेलं. फसवणाऱ्या माणसानं पोरीचं नाव बदललं, गाव बदललं, जन्मतारीख बदलली. आपलं नाव बदलायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. दुसऱ्याच्या नावानं फेटा बांधून घेण्यात काय मान?

फिर्याद कुशाबाईनं दिली. तालुक्याच्या कोर्टानं म्हाळूला फसवणुकीबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली. म्हाळूनं वरच्या कोर्टात अपील केलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबली, जामीन झाला आणि गडी पुन्हा पांढरी टोपी घालून बाजारात हिंडायला लागला.

आणि कुशाबाईच्या ओट्यावर चहा पिणाऱ्यांची रांग लागली.

आधी वकीलसाहेब आले. म्हाळूचे वकील. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणार आणि खाकरलेलं गिळणार. कुशाबाईला तिथंच अर्धी शिसारी आली. “म्हं… बघा मावशी, मुद्दा असा आहे. हा गुन्हा समजुतीनं मिटू शकतो. म्हं… शिक्षा झाल्यावरसुद्धा. फक्त वरच्या कोर्टाची परवानगी पाहिजे आणि फिर्यादीची संमती. फिर्यादी कोण? तुम्ही. म्हणजे किल्ली तुमच्याच हातात आहे, मावशी.”

कुशाबाईनं चहा दिला.

मग दीर आला, गेणबा. म्हाळूच्या बायकोकडून त्याचं काहीतरी लांबचं नातं निघालेलं. “वैनी, झालं गेलं. दागिनं परत द्याया तयार हाय त्यो. त्याच्या पोरीचं लगीन हाय, बाप जेलात असला तर कसं व्हनार?”

“भावजी, त्याच्या पोरीच्या पाठीशी मामा कोण उभा ऱ्हानार?”

“तिचा मामा.”

“खरा?”

गेणबा चहात बघत राहिला. चहावर साय धरली होती. ती त्यानं बोटानं काढून खांबाला पुसली. तो गेल्यावर कुशाबाईनं खांबसुद्धा धुतला.

शेवटी म्हाळू स्वतः आला. आल्या आल्या वाकून पाया पडला. तिनं पाय ओढून घेतले तर जमिनीच्या पाया पडला. “आक्का, माझी अक्कल गेली हुती. पर मी तुमचं देनं ठेवनार न्हाई. शंभूरावाला बायकू दिन. ह्या टायमाला खरी.” आणि मोबाईल पुढं केला.

स्क्रीनवर एक पोर होती. कुणाच्या तरी अंगणात उभी, नव्या साडीची घडी अजून न मोडलेली. शंभू शिफ्ट संपवून नुकताच आला होता. त्यानं मोबाईल हातात घेतला आणि दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. अजून मोठा केला. कुशाबाईनं मुलाची ती दोन बोटं बघितली. बाजारात गिऱ्हाईक शेळीचे दात उचकून बघतं तशी ती चालत होती. आत्तापर्यंत तिला परक्यांची किळस आली होती. आता पोटच्या पोराची आली, आणि ही कशानं धुवायची ते तिला कळेना.

“खरी म्हंजी?” तिनं विचारलं.

“खरी म्हंजी खरी. पळनार न्हाई. माझा शबूद.”

“आईबाप?”

“न्हाईत बिचारीला.”

“मग मामा कोण तिचा?”

म्हाळूला खरं तर इथं थांबता आलं असतं. पण त्याच्या तोंडावर नकळत तेच तूप पसरलं. “मीच की, आक्का! दुसरं कोण उभं ऱ्हानार?”

कुशाबाई उठली, शेळ्यांच्या गोठ्यामागं गेली आणि ओकली. खरोखरच ओकली, शेजारच्या घरापर्यंत ऐकू आलं. परत आली तेव्हा म्हाळू विचारत होता, “आक्का, पित्त झालं का? लिंबू घ्या.”

तो गेल्यावर शंभू म्हणाला, “आये, त्या समजुतीच्या कागदावर सही कर की.”

“आन् त्या पोरीला नेलं परत तर?”

“न्हाई नेत. शबूद दिलाय त्यानं.” मग आवाज बारीक झाला. “आये, मी म्हातारा व्हतोय गं. माझ्यासाठी तरी कर.”

कुशाबाई चुलीकडं वळली. पोराचं खोटं नव्हतं. ती नाही म्हणाली तर या वस्तीवर पुन्हा कुठलं स्थळ फिरकेल, हे तिलाही माहीत होतं. कोर्टाची पायरी चढलेलं घर म्हणून आधीच बोभाटा झालेला. तिनं त्याच्यासाठी भाकरी थापली. तो जेवला नाही.

इथं हे लिहिणारीनं तोंड घातलं. शेजारची पोर, सगळ्यांच्या नकला करत फिरणारी. तारखेच्या आदल्या दिवशी शेळ्यांपाशी जाऊन म्हणाली, “कुशाआज्जी, उद्या तुम्ही हो म्हणणार.”

“कशावरनं?”

“शंभूकाकाकडं बघून. लेकापुढं कुठली आई टिकतीय?”

“लाव पैज.”

हे लिहिणारी जिंकली तर शाळेच्या गॅदरिंगला कुशाआज्जीनं पुढच्या खुर्चीवर बसून स्वतःची नक्कल बघायची. हरली तर दिवाळीपर्यंत रोज सकाळी शेळ्यांचा गोठा झाडायचा, तोंडाला ओढणी न बांधता. टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी वरच्या कोर्टात गर्दी होती. म्हाळू पांढऱ्या टोपीत, हात जोडून, पडेल चेहऱ्यानं उभा. गेणबा बाकावर. शंभू भिंतीला टेकून, इस्त्रीचा शर्ट घालून. जणू आज त्याचीच बघाबघी. वकीलसाहेबांनी घसा साफ केला, गिळला आणि समजुतीचा अर्ज पुढं सरकवला.

जजसाहेबांनी कुशाबाईला पुढं बोलावलं. “मावशी, अर्जात लिहिलंय की तुमची आता काही तक्रार नाही. तुमची संमती आहे का?”

शंभू भिंतीपासून सुटून ताठ झाला. कुशाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, चांगलं निरखून, आणि मान वळवली.

“न्हाई.”

“विचार करून सांगताय?”

“व्हय. लई केला.”

वकीलसाहेब अर्धे उठले. “म्हं… मावशी, आपलं बोलणं झालं होतं ना घरी?”

“बोललात तुमी, वकीलसाहेब. मी च्या केला.”

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. जजसाहेबांनी हात वर केला, शांतता झाली. ते म्हणाले, “अजून काही सांगायचंय?”

“एवढंच. ह्यानं मला अजून एक पोरगी दावली. मामा कोण इचारलं तर म्हनला मीच. साहेब, अपील त्याचं हाय, त्यानं चालवावं. माझ्या नावावर दुसरी पोर बांधू नगा.”

संमती नाही म्हणून अर्ज बाजूला पडला आणि अपील रीतसर चाललं. वकीलसाहेबांनी जीव तोडून सांगितलं की लग्नात मामा म्हणून उभं राहणं हा गुन्हा नाही, तो एक सामाजिक मान आहे, माणसं आग्रह करतात, भिडस्त माणूस उभा राहतो. सरकारी वकिलांनी एवढंच विचारलं की भिडस्त माणूस तीन मांडवांत एकाच नवरीचा मामा कसा होतो आणि तिची नावं तीन कशी. पुढच्या तारखेला निकाल लागला. अपील फेटाळलं, शिक्षा कायम. म्हाळूला तिथूनच नेलं. जाताना वाटेत भेटेल त्याला तो सांगत होता, “मानानं बलवलं हुतं वो मला. मानानं!” हे ऐकून कुशाबाईनं पुन्हा पदर नाकाला लावला.

बरेच दिवस शंभू शिफ्टहून यायचा, कपडे दाराबाहेर काढायचा, जेवायचा, झोपायचा. एका संध्याकाळी मात्र भाकरी मोडता मोडता त्यानं खाली बघत विचारलं, “त्या फोटोतल्या पोरीचं काय झालं असंल गं?” कुशाबाई म्हणाली, “ठावं न्हाई.” आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्याचं लग्न अजून जमलेलं नाही.

आणि हे लिहिणारी रोज सकाळी शाळेआधी गोठ्यात असते. रात्रभर मुतून ओल्या झालेल्या लेंड्यांचा वास काय असतो ते ओढणीशिवाय कळतं. नाकातून घुसतो आणि डोळ्यांतून बाहेर येतो. कुशाआज्जी ओट्यावर चहा घेऊन बसते आणि बघते. परवा तिनं कप खाली ठेवला, नाक दोन बोटांत धरलं, खांदे वर ओढले, ओठ मुरडले आणि बारीक किनऱ्या आवाजात म्हणाली, “ईऽऽ शीऽऽ आज्जीऽ, केवढा घाण वास येतोय ओऽ!”

हुबेहूब. शंभूकाका दारात दात घासत होता, त्याला ठसका लागला.

“हस मग,” ती त्याला म्हणाली, आणि इकडं वळून, आपल्या खऱ्या आवाजात, “त्यो कोपरा ऱ्हायला.”