राघो दुसऱ्यांदा गेला

राघो गेल्याची बातमी मला वर्तमानपत्राच्या कचेरीत कळली. वाशिंदच्या गवताच्या वखारीतला एक हमाल कामानं मुंबईला आला होता. दारातच उभं राहून त्यानं सांगितलं, "तुमचा मामेभाऊ गेला. ताप होता. वखारीतच गेला." आमच्या धंद्यात मरणाची बातमी कोणाकडून तरी पक्की करून घेतल्याशिवाय छापत नाहीत. मी मात्र त्याला विचारलं, "प्रेत आहे?" तो माझ्याकडे पाहतच राहिला... राघोच्या मरणाची ही दुसरी बातमी होती. पहिल्या वेळी प्रेत नव्हतं.

पहिली बातमी बेचाळीसच्या धामधुमीतली. माझं आजोळ मुरबाडच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. मामा आधीच वारले होते. घरात मामी, थोरला राघो आणि धाकटा भिवा. राघो बोलका, थट्टेखोर. झाडावर चढण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. तारा तोडणाऱ्या पोरांबरोबर तोही डोंगरात गेला आणि पोलिसांची तुकडी गावात येऊन बसली. ते रोज सकाळी मामीला चावडीपुढे आणून उन्हात बसवत आणि दिवस कलेपर्यंत एकच प्रश्न विचारत. शेतात भात पिकून गळायला लागलं होतं, पण कापायला माणूस सोडत नव्हते. शेवटी पोलीस पाटलानंच तोड काढली. तो भावकीतलाच होता. तो म्हणाला, "वैनी, कड्यावरनं पडून मेला म्हनून सांगा. मेलेल्याला वारंट नसतं."

प्रेत नसलं म्हणजे पुतळा जाळायचा, ही आमच्याकडची रीत. पळसाच्या पानांचा पुतळा झाला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भिवानं अग्नी दिला. पोरं जरा चेष्टेतच होती. पाटील त्यांना दबक्या आवाजात म्हणाला, "रडा रे, हवालदार बघतोय!" आगीत नारळ फुटला तेव्हा मात्र सगळे दचकले.

दहाव्याला मी गावी होतो. हवालदारही नदीवर हजर होता. गावाचा हिशेब सोपा होता : राघो जिवंत, तेव्हा पिंडाला कावळा शिवणार नाही, थोडा वेळ थांबायचं, मग दर्भाचा कावळा करून शिववायचा आणि घरी यायचं. मामीचा हिशेब निराळा होता, तो तिनं मला नदीवर जाताना सांगितला. डोंगरातून कित्येक दिवस निरोप नव्हता. "कावला नाय शिवला म्हंजी पोर जिता. मला तेवढंच कलायला पायजे." खोट्या दहाव्याला ती एकटीच खरं विचारायला निघाली होती.

भिवानं पिंड ठेवला आणि तो मागे सरला. तो पुरता वळण्याआधीच कावळा उतरला. एकच. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही, चोच मारून उडालाही नाही. बसून सगळा पिंड खाल्ला... हवालदारानं टोपी काढली. दोन-तीन दिवसांत तुकडी निघून गेली, भात कापून झालं, गाव सुटलं. पाटील मामीची समजूत घालत होता, "वैनी, आपन खोटंच केलं व्हतं ना?" ती म्हणाली, "तुमी खोटं केलंत. कावल्यानं नाय."

होळीनंतर राघो आला. तिन्हीसांजेला, दाढी वाढलेला, हाडं वर आलेली. भिवा रानात होता. राघोनं उंबऱ्याबाहेरून हाक मारली, "आये, मी राघो." मामीनं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग पत्रावळीवर भात घेऊन आली, अंगणाच्या कडेला ठेवला आणि मागे न पाहता आत गेली. तो दोन दिवसांचा उपाशी. त्यानं शीतही ठेवलं नाही. आतून मामी म्हणाली, "खाल्लंस ना, बाबा? आता जा. भिवाला धरू नको." दार लागलं. राघोला तो भात कशाचा होता हे पुढे भिवानं सांगितलं, तेव्हा कळलं.

तो वाशिंदला गवताच्या वखारीत लागला. गठ्ठे बांधायचे, रेल्वेच्या वाघिणीत भरायचे, तिथेच निजायचं. मी जाता-येता उतरत असे. तो हसून म्हणे, "मला मरनाचं भ्या नाय, ते काम उरकलंय." एकदा मात्र गठ्ठा बांधता बांधता थांबला. "एक इचारू? डोंगरात ताप आलेला, पोटात काय नाय. आनि एका दुपारी भूक एकदम गेली. जेवून उठल्यावानी. तोंडाला भाताची चव... तो दहावा कंच्या दिशी व्हता रे?" मी दिवस सांगितला. त्यानं दोरीची गाठ पक्की केली आणि दुसरा गठ्ठा ओढला. हे मी ऐकलं तसं लिहिलं आहे; त्याचा अर्थ मला लावता आलेला नाही.

स्वराज्य आलं, वॉरंटं गेली. मी मामीला अनेकदा सांगितलं की राघो वाशिंदला आहे, मी त्याच्याशी बोललो. ती माझ्याकडे काळजीनं बघे. "तुला बी दिसतो का?" राघो पुन्हा घरी गेला नाही. "म्हातारी भिईल," एवढंच म्हणायचा.

प्रेत आम्ही बैलगाडीतून किन्हवलीच्या वाटेनं गावी नेलं. मामी गाडीपाशी आली. तिनं चादर सारली, कपाळाला हात लावला, मग हात उचलून पाहिला. तळव्यावर दोरीचे वळ होते, बोटं गवतानं कापलेली. बराच वेळ तो हात तिनं धरून ठेवला. मग भिवाला नाही, मला विचारलं, "मेला ना ह्यो?"

"हो, मामी."

"म्हंजी आतापरत जिता व्हता?"

ती तिथेच खाली बसली. त्यानंतर जे रडणं झालं त्याचं वर्णन मी करणार नाही.

गेल्या आठवड्यात ती वाशिंद दाखव म्हणाली. वखारीच्या मागच्या कोपऱ्यात सुट्या गवताच्या ढिगात राघो निजायचा, ती जागा मुकादमानं दाखवली. गवत दबून खळगा पडला होता : गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेल्या माणसाएवढा. खांद्याची जागा खोल होती. मामीनं हात लावला नाही. शेजारी बसली आणि मुकादमाला म्हणाली, "ल्हानपनापास्नं असाच निजायचा... भित्तीकडं तोंड करून."

वाघिणी लागल्या होत्या. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं आणि हमालांना बोट दाखवून पलीकडून गवत उचलायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत वखार रिकामी झाली. तेवढा कोपरा अजून तसाच आहे.