गप्प म्हणजे बरोबर

परवा जुना कम्प्युटर चालू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट पेणकरपाड्याच्या जुन्या घरात पोचलो.

तेव्हा मी प्रोग्रामिंग शिकायला सीडीवरून जावा टाकून पहिला प्रोग्राम चालवत होतो. कम्प्युटर म्हणाला, ही कमांड ओळखत नाही.

शेजारी मटार सोलत बसलेल्या आईला नवल वाटलं. "आत्ताच टाकलंस ना? मग ओळखत कसा नाही?"

"कुठे ठेवलंय ते सांगावं लागतं." मी पाथ भरून एंटर दाबलं. कर्सर नुसता खालच्या ओळीवर आला.

"आता काहीच बोलत नाही?"

"चुकलं तरच बोलतो, आई. गप्प म्हणजे बरोबर."

तिनं पेपरमागच्या बाबांकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं माझा स्वयंपाक चांगला होतोय तर!"

पेपर जरासा हलला. मी हसलो. आई मात्र हातातली शेंग तशीच धरून थांबली होती, ते आज दिसतंय.