लालजीबापूंची सुरत

जमनाने पत्रात लिहिलं होतं, ‘बापूंना पौषात घेऊन या.’ मी बापूंना वाचून दाखवलं, ‘बापूंना दिवाळीत घेऊन या.’ ही चूक नजरेची नव्हती. मला शाळेची सुट्टी दिवाळीत होती, पौषात नव्हती. मी सुरत पाहिलेली नव्हती. आणि ज्याची लेक सुरतेला दिली आहे अशा माणसाबरोबर गेलं की राहण्या-जेवणाची सोय होते, एवढी अक्कल मला होती. बाकीची कुठे गेली होती ते आता सांगतो.

मी मूळचा रनाळ्याचा. तापीकाठच्या एका गावात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा मिसरूड नुकतंच फुटलं होतं आणि मराठी सातवी पास झाल्याची मिजास अंगात मावत नव्हती. लालजीबापू त्या गावचे गुजर शेतकरी. उंच, वाळके, कपाशीच्या पऱ्हाटीसारखे. त्यांच्याकडे पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर त्यांच्या उजव्या कानावर अडायची. कानाभोवती एक गोल वळ होता, कुणीतरी वाटीने छाप मारावा तसा. तो लोट्याच्या कडेचा वळ होता. रोज दिवेलागणीच्या आधी बापू नदीवर जात, पितळी लोटा तोंड वर ठेवून अर्धा पाण्यात बुडवत आणि ओणवं होऊन त्याच्या तोंडाला कान लावत. चिलीम ओढून होईल इतका वेळ तसेच राहत. मग उठून म्हणत, “तठे भरती लागनी.”

तठे म्हणजे सुरतेला. आमच्या गावापासून आगगाडीने पाऊण दिवसाची वाट. समुद्र आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता, बापूंनीही नाही.

लोक पाठीमागे हसत. पण सुरतेला जायचं असलं, मग ते लग्नाचा बस्ता बांधायला असो की कापसाच्या कामाला, बापूंना विचारल्याशिवाय कुणी नंदुरबार स्टेशनाची वाट धरत नसे. बापूंचं सांगणं ठरलेलं होतं. “चैतमा जाशात ते खारा वारा डोयाले लागस. आखाडथून भादवालोंग नावच काढू नका. आपलं पानी शे ते, आठेथून निंघस आनि तठे लोकसना आंगनमा जास. आपला पानीना मांगे मांगे पावना म्हनीसन जावानं का? आश्विनमा गाळ सुकस, ताप फिरस. पौसमा जा. पानी पातळ व्हस, सुरत हलकी व्हस, कोवळ्या जवारीना पोंक भेटस.”

गिरधर नावाच्या एका शेजाऱ्याने हे ऐकलं नाही. श्रावणातच निघाला. बापू त्याला एवढंच म्हणाले, “चना बांधी ले. आनि माडीवर नीज.” गिरधर हसत गेला आणि नवव्या दिवशी दाढी वाढवून परत आला. तीन दिवस तो एका माडीवर कोरडे चणे खात बसला होता आणि खाली गल्लीतून नाव चालत होती. मी शहाणा असल्यामुळे गावाला समजावून सांगितलं, की यात नवल काही नाही. इथे पूर आला की दीड दिवसाने तो सुरतेला पोचणारच, बापूंनी आदल्या दिवशीचं पाणी पाहिलं असणार. बापू शांतपणे म्हणाले, “मास्तर, ते डोयाघाईन देखं. कानघाईन काय ऐकू येस ते तुम्हले कोनी शिकाडं नही.”

आता गंमत अशी, की सगळ्या गावाला सुरतेचा हंगाम सांगणारा हा माणूस स्वतः कधी सुरतेला गेला नव्हता. त्यांची एकुलती एक लेक जमना तिथे दिलेली. जावई कापसाच्या पेढीवर नोकरीला. लेकीच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. आणि बापू रीतीला पक्के. शिवाय दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. जमनाच दोन वर्षांनी माहेरी यायची, पण गेली तीन वर्षं आली नव्हती. पत्रं मात्र यायची, गिचमिड अक्षरातली, ‘सगळं ठीक आहे’ अशी. ती माझ्याकडून वाचून घेताना बापू कागदाकडे बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत. आणि वाचून झालं की दर वेळी एकच विचारत, “येवानं काही लिखेल शे का?” नाही म्हटलं की कानाभोवतीचा तो वळ चोळत बसत. त्या माणसाला दुसरं काही नको होतं. एकदा लेक डोळ्यांनी दिसावी, एवढंच.

त्या भाद्रपदात पूर ओसरल्यावर मी एकदा त्यांच्या मागोमाग नदीवर गेलो. चेष्टा करायची हाच हेतू. म्हटलं, “बापू, आज माले बी ऐकू द्या सुरत.” त्यांनी मुकाट्याने लोटा धरला. मी वाकलो. कान थंड पितळेला लागला. आधी नुसता घूं घूं आवाज, रिकाम्या भांड्यात येतो तसा. मी हसायच्या तयारीत होतो. तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

बाई खोकली. दोनदा कोरडं, मग श्वास ओढून एकदा लांब. अगदी जवळ, जणू लोट्याच्या तळाशी बसली आहे. मी ताडकन उठलो. काठावर आम्ही दोघंच होतो. पैलतीरावर एक म्हैस उभी होती, आणि म्हैस तसं खोकत नाही.

“काय ऐकं?” बापूंनी विचारलं.

“काही नही,” मी म्हणालो. “पानीना आवाज.”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं आणि लोटा धुऊन घेतला. मी घरी जाऊन कानात कोमट तेल घातलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते पौषाचं पत्र आलं आणि मी ते दिवाळीचं केलं. बापू ओसरीवर बसले होते. ऐकून त्यांनी नदीकडे मान वळवली. मग म्हणाले, “दिवाईमा? तठे ते आते ताप फिरी ऱ्हायना.”

“पत्रमा शे, बापू.”

“परत वाचा.”

मी परत वाचलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा ते आपल्याला पाठ झालेलं असतं. बापूंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “चला मंग.”

निघताना त्यांनी तांब्याची कळशी तापीच्या पाण्याने भरून, तोंडाला फडकं बांधून बरोबर घेतली. लेकीच्या घरी प्यायला आपलं पाणी. बैलगाडीत आणि आगगाडीत ती कळशी त्यांनी लहान मूल घ्यावं तशी मांडीवर घेतली होती. रूळ मध्येच नदीजवळ येत, मध्येच दूर जात. नदी दिसली की बापू खिडकीतून मान बाहेर काढत आणि दिसेनाशी झाली की आत घेत. बोलले मात्र एकदाच, “ती आपलाथून पुढे शे.”

सुरत स्टेशनावर मी पुढारीपण घेतलं. पत्ता माझ्या खिशात होता. मी तो एका पानवाल्याला दाखवला, एका टांगेवाल्याला दाखवला, दोघांनी दोन दिशा दाखवल्या. मागे वळून पाहतो तो बापू नाहीत. कळशी खांद्यावर घेऊन ते रस्त्याने सरळ चालले होते, बाजारातून घरी निघालेल्या माणसासारखे. मी धावत गाठलं. ते थांबले नाहीत. किल्ल्याची भिंत उजव्या हाताला ठेवली, एका निंबाखालून डावीकडे वळले, खालच्या बाजूला ओवाऱ्याच्या, म्हणजे नदीच्या घाटाच्या, पायऱ्या दिसत होत्या त्या गल्लीत शिरले. एक दार उघडं होतं, ते सोडून पुढच्या बंद दाराशी उभे राहिले.

मी विचारलं, “बापू, जमनाबहेनने घर कसं ओळखायचं ते सांगितलं होतं का?”

“सांगस ना. रोज सांगस,” ते म्हणाले.

आणि दाराआड कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग श्वास ओढून एकदा लांब.

सांगायला लाज वाटते, पण मी दोन पावलं मागे सरलो आणि बापूंना पुढे होऊ दिलं.

दार जमनानेच उघडलं. अंगावर नुसतं लुगडं उभं आहे असं वाटलं. फक्त डोळे जिवंत, आणि ते बापूंचे. ती रडली नाही, दचकली नाही. “या बापू,” म्हणाली. आत पाहिलं तर दोन पाट मांडलेले, दोन ताटं वाढून झाकलेली. जावई पेढीवर गेलेला. मी म्हटलं, “आम्ही येणार असं कुणी कळवलं?”

“कोनीच नही, मास्तर,” ती म्हणाली. “आज भरती लवकर उनी.”

मी ताटाकडे पाहत राहिलो. भात गरम होता.

तिला क्षयाने धरलं होतं. तीन वर्षं ती तेच लपवत होती. बापू आत कळशी ठेवायला गेले तेव्हा तिने मला हळूच विचारलं, “मी पौस लिखेल व्हतं ना?” मी मान खाली घातली. “पौसलोंग बापूले आठे भिंतीच दिसत्यात,” ती म्हणाली. तिने पौष का लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. आपण अशा अवस्थेत दिसू नये, एवढ्यासाठी तिने बापाला आपल्या पलीकडची तारीख दिली होती.

ते आठ दिवस मी सुरत पाहिली. खोटं कशाला बोलू, आता तरी? किल्ला पाहिला, जुन्या गोऱ्या व्यापाऱ्यांची घुमटाची थडगी पाहिली, घारी नावाची मिठाई खाल्ली. घरात बसवत नव्हतं. बापू मात्र घराबाहेर पडले ते फक्त संध्याकाळी, ओवाऱ्यावर. पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. भरतीची वेळ होती. आपली तापी मी जन्मभर एकाच दिशेने जाताना पाहिली होती. तिथे ती माझ्या डोळ्यांदेखत थांबली, थरथरली आणि उलटी चालू लागली. फुलं, काटक्या, एक फुटकं मडकं, सगळं वर, आमच्या गावाच्या दिशेने निघालं. बापूंना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “जमना याच पायरीवर बठस. आठेथून बोलस.” मी विचारलं नाही, काय बोलते. मला ते खोकणं पुरलं होतं.

बापू कळशीतलंच पाणी पीत. तिसऱ्या दिवशी जमना म्हणाली, “बापू, माले आपलं पानी द्या.” त्या दिवसापासून बापूंनी कळशीला तोंड लावलं नाही. लहानशा पळीने तिला पाजत राहिले. स्वतः दोन दिवस ओठ कोरडे घेऊन बसले. जावई हात जोडून थकला. शेजारच्या घरचं तरी घ्या, म्हणाला. बापू म्हणाले, “गाव तिनं शे. मंग पानी बी तिनंच.”

शेवटी जमनाच अंथरुणावर उठून बसली. घरातल्या हंड्यातून तिने पेला भरला, कसा भरला देव जाणे, आणि बापूंसमोर धरला. “बापू, हाई पानी कोनं शे? तुम्हीच धाडेल ना? आकरा वरीस मी तेच पी ऱ्हायनू.”

बापूंनी पेला घेतला. एका दमात प्यायले. रीतीला पक्का असलेला तो माणूस रीत मोडताना हसला, आणि त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जमनाने पदर तोंडाला लावला. खोकला आला असावा.

आठव्या दिवशी, ओहोटी लागली तेव्हा ती गेली.

परत आल्यावर बापू नदीवर जात, पण लोटा नेत नसत. नुसते बसत. कानाभोवतीचा वळ हळूहळू पुसला गेला. त्या जागी केस आले. लोक विचारायला येत, “बापू, सुरतले कवय जाऊ?” बापू म्हणत, “कोन शे तठे?” मामा आहे, बहीण आहे, असं काही सांगितलं की म्हणत, “मंग आजच जा.” आषाढ असला तरी तेच. गिरधरने एकदा भर पावसात टोकलं, “आनि पूर उना ते?” तर म्हणाले, “चना बांधी ले.”

पौष लागला तसं मला घरात बसवेना. जेवण गोड लागेना. एकदा वाटे, मी खोटं वाचलं म्हणून बापाला लेक दिसली. एकदा वाटे, तिने जे झाकलं होतं ते मी उघडं केलं. शेवटी एका सकाळी गेलो. बापू अंगणात उन्हाला बसून सरकी निवडत होते. मी समोर उभा राहिलो आणि शाळेत धडा म्हणावा तसं सांगून टाकलं, “बापू, पत्रात दिवाळी नव्हती. पौष होता. मी खोटं वाचलं. मला सुरत पाहायची होती.”

बापूंचे हात थांबले नाहीत.

“माहीत शे,” ते म्हणाले.

मी हळूच विचारलं, “लोट्यातून?”

“लोटा कसाले लागस?” बापू म्हणाले. “मन्ही पोरनं पत्र वाचताना तुम्ही दर शबदले ठेचकाळतस. तितलंच एक वाक्य गाडीनागत सरळ गयं. परत वाचा म्हनं, ते परत सरळ गयं. अरे, ज्याले धड खोटं बी वाचता येत नही, त्याना हातमा गावना पोरं कोनी दिधात?”