परमुलखातला कायदा

लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक दिसलं, की मला बारामती कोर्टातले कोऱ्हाळ्याचे ते आबा आठवतात. लेकीचं परदेशात झालेलं लग्न जावई नाकारत होता, म्हणून आबांनी तिथल्या कायद्याचं पुस्तकच न्यायाधीशबाईंपुढं ठेवलं. बाई म्हणाल्या, "आबा, आपला कायदा मला यायलाच हवा; तिथला मात्र मला कुणा जाणकाराकडून समजून घ्यावा लागतो." पुढच्या तारखेला तिथल्या वकिलानं पडद्यावरून साक्ष दिली आणि बाई शाळेतल्या मुलीसारख्या लिहून घेत राहिल्या. साक्ष संपताच आबा हात जोडून उठले, मागं त्यांची लेकही उभी राहिली. आबा म्हणाले, "बाईसाहेब, समजलं न्हवं? न्हायतर परत सांगाय लावतो." बाई हसून म्हणाल्या, "समजलं, आबा." मी तेव्हा नवखी वकील होते. आता युक्तिवाद संपला, की मलाही तसंच विचारावंसं वाटतं. पण तेवढं धाडस यायला मागं स्वतःची लेक उभी असावी लागते.