अर्ध्या सिनेमाची ग्वाही

अकोल्यात दहा वर्षांत लागलेला प्रत्येक सिनेमा पाहिलेला आणि एक सोडला तर एकाचाही शेवट ठाऊक नसलेला माणूस जगात एकच होऊन गेला. ते माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. गेल्या महिन्यात ते वारले. तीनचा खेळ ते अगदी पुढे बसून पाहत आणि मध्यंतराची बत्ती लागली की उठत, कारण बाहेर टांगा उभा असे. टांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले बोर्ड आणि मध्ये पत्र्याचा कर्णा तोंडाला लावलेले मोठे बाबा. जठारपेठेपर्यंत फिरून पुढच्या खेळांना माणसं गोळा करायची, हे त्यांचं काम. नऊच्या खेळापर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत. उरलेली गोष्ट ते आपल्या मनानं पुरी करीत. त्यात दुष्ट माणसं माफी मागत आणि आजारी आया हमखास बऱ्या होत. त्यांची बायको, आमची मोठीआई, एकदा म्हणाली, "त्या पिच्चरात तं माय मरते ना हो!" तर चिडून म्हणाले, "मी निघालो तवा चांगली बसून होती."

छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर मात्र त्यांनी एक नेम धरला: कर्ण्यातून खोटं बोलायचं नाही. पंचशील घरात म्हणायचं आणि चौकात विसरायचं, हे त्यांना जमत नसे. सिनेमा टाकाऊ असला की ते "पंखे चालू हायेत, खुर्च्या नव्या हायेत" एवढंच ओरडत, आणि लोक काय ते समजत. म्हणूनच ते "पाहा" म्हणाले की लोक डोळे झाकून जात.

मी अमरावतीला बी.ए.ला होतो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा एक विनोदी सिनेमा लागला. त्यात एक उपाशी माणूस अनोळखी लग्नात शिरतो. वरपक्षाला वाटतं हा मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटतं हा वराकडचा, आणि दोन्हीकडून आग्रह चालू. मोठे बाबा डोळे पुसत टांग्यात चढले आणि गरजले, "हसू नाई आलं तं माह्या घरी येऊन मले सांगा!"

लोक घरी आले. भाजी विकणाऱ्या एका बाईनं दारातूनच विचारलं, "कावून हो बुवा, थो माणूस तं मध्यंतरानंतर बी जेवूनच राह्यला! हसू कायचं, आमालेच भूक लागली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टांगा थांबवून ठेवला आणि सिनेमा पुरता पाहिला. दुसरं लग्न, तिसरं लग्न, चौथं लग्न, आणि तीच गंमत पुन्हा पुन्हा वाढलेली. बाहेर आले ते थेट टांग्यात चढले. जठारपेठेत टांगा उभा करून त्यांनी कर्णा उचलला. "ऐका हो! म्या अर्धाच पिच्चर पाह्यला अन् तुमाले पुऱ्याचं सांगतलं. चूक माही. मध्यंतरापर्यंत झकास हाये. पुढं थो नुसता जेवते. तवा तुमी बी घरी जाऊन जेवा!"

त्याच संध्याकाळी टॉकीजच्या मालकानं त्यांना काढलं. मग माझ्याच हाती निरोप पाठवला: गंमत केली होती असं कर्ण्यातून सांगा, नोकरी तुमचीच. घर त्या नोकरीवर चालत होतं. मोठीआई चुलीपाशी डब्यातलं पीठ चाचपत होती. शिकलेला मी म्हणालो, "मोठे बाबा, एक वाक्य तर आहे."

"एकच हाये म्हणून तं अडलं ना बापा. दहा असते तं एखांदं इकडंतिकडं झालं असतं. मालकाले सांग, चुकलं थे म्या साऱ्या पेठेले सांगतलं. आता खरं बोललो त्याची बी माफी मागू?"

मी मान खाली घालून तो निरोप पोचवला. ते जिनिंगात कापसाचे गठ्ठे उचलायला जाऊ लागले आणि पुन्हा त्या टॉकीजची पायरी चढले नाहीत. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं जेवायला बसलो असता गल्लीच्या तोंडाशी नव्या माणसाचा टांगा आला. मी दार लावायला उठलो. त्यांनी हातानंच मला बसवलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"आवाज चांगला हाये त्याचा," ते म्हणाले, आणि टांगा लांब जाईपर्यंत ऐकत राहिले.