न कापलेली पानं

खिडकी, चहाची वाफ, हळवी आठवण असलं काही हवं असेल तर सॉरी. माझ्याकडे फक्त काही जोडलेली पानं आहेत. आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला चर्चेसाठी एक पुस्तक निवडतात. कादंबरी चालत नाही, खरी माहितीच हवी. या वेळी भूगोलाच्या सरांनी मिठाच्या इतिहासाचं पुस्तक सुचवलं. "अरे, हातातून खाली ठेववत नाही!" मी त्यांचीच प्रत चाळली, तर चाळिसाव्या पानापुढची पानं कडेला जोडलेलीच, छापखान्यातून आली तशी. तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतोय. खऱ्या पुस्तकांबद्दल आपण किती आरामात खोटं बोलतो! मीही बोललोय.

मंडळाच्या बैठकीत सर पाणी प्यायला गेले, तशी मी त्यांच्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "खाली कसं ठेवणार? उचललंय कुणी?" सगळे हसले आणि एकदम माझ्या मागे बघायला लागले. सर दारातच उभे होते. मंडळातून माझं नाव कटलं, असंच वाटलं.

"नाही वाचलं मी," सर म्हणाले. "पण शहाण्या, जोडलेली पानं बघून तूही तिथंच थांबलास ना? घे पट्टी, सोडव पानं. पुढच्या महिन्यात यावर तूच बोलायचं. आणि माझ्या आवाजात नको, स्वतःच्या आवाजात बोल, गाढवा!"